स्टार किती, तास किती

एसी घ्यायला गेलेला माणूस दुकानात दोनच प्रश्न विचारतो: किती टनाचा आणि किती स्टारचा. दुकानदार दोन्हींची उत्तरं देतो, मग हप्त्यांचं बोलणं निघतं आणि व्यवहार पुरा होतो. यंत्राच्या अंगावर चिकटवलेल्या लेबलावर याहून पुष्कळ काही छापलेलं असतं. ते कुणी वाचत नाही, आणि पुढची आठ-दहा वर्षं घरात येणारं वीजबिल मात्र त्याच आकड्यांवर ठरतं.

त्या लेबलावरून भांडणारी दोन माणसं मी इथे समोरासमोर बसवली आहेत. दादा नागपूरचे, पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेतून निवृत्त झालेले. सुमन त्यांची धाकटी बहीण. ठाण्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. दोघांनाही यंदा एसी घ्यायचा आहे. माणसं कल्पित आहेत, त्यांचे हिशेब खरे आहेत.

दादा: मला एवढंच सांग सुमन, तीन स्टारवाला एसी खोली गार करत नाही का?

सुमन: करतो की. दोन्ही सारख्याच क्षमतेचे असतील तर तीन स्टार आणि पाच स्टार सारखंच गार करतात. फरक पडतो तो मीटरवर.

दादा: आणि किमतीवर! आठ हजार रुपये जास्त सांगतोय तो. नुसत्या दोन स्टारचे आठ हजार? ही दुकानदारांची युक्ती आहे.

सुमन: स्टार दुकानदार देत नाही, दादा. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली केंद्र सरकारने ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो काढला, बीईई म्हणतात तो. 2006 पासून तो ही लेबलं देतो. एसीला 2010 पासून ती सक्तीची झाली. आणि तू स्टारकडे बघूच नकोस. त्याच्याखाली एक आकडा असतो, आयएसईईआर. तो बघ.

दादा: तो कसला?

सुमन: एसी थंडी तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. एक युनिट वीज खाऊन पूर्ण हंगामात सरासरी किती युनिट उष्णता बाहेर टाकली, तो भागाकार म्हणजे आयएसईईआर. आकडा 5 असेल तर एका युनिटमागे पाच युनिट.

दादा: एक घालून पाच काढायचे? असला हिशेब आमच्या खात्यात कुणी दाखवला असता तर चौकशी लागली असती.

सुमन: पाच तयार होत नाहीत रे, आधीच खोलीत असतात. वीज फक्त ती हलवायला लागते. पूर्वी हा आकडा एकाच तापमानावर काढायचे, बाहेर 35 अंश धरून. पण बाहेर कायम 35 कुठे असतात? रात्री उतरतात, दुपारी चढतात. म्हणून आता बाहेरचं तापमान 24 पासून 43 अंशांपर्यंत धरतात, प्रत्येक तापमानाचे वर्षातले तास ठरवून देतात आणि एकूण 1,600 तासांचा हिशेब करतात. 2018 पासून साध्या आणि इन्व्हर्टर, दोन्ही प्रकारच्या एसींना हीच मोजपट्टी आहे.

दादा: 43 पर्यंतच? मे महिन्यात नागपूरला ये. 45 झाले तरी लोक म्हणतात, आज जरा बरं आहे.

दादांचा हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लेबल हे सगळ्या देशाची सरासरी धरून बनवलेलं आहे. बाहेरची हवा जितकी तापलेली, तितकं तिच्यात उष्णता टाकणं यंत्राला जड जातं. क्षमता उतरते आणि विजेची भूक वाढते. विदर्भातल्या भर दुपारी कुठलाच एसी लेबलावरच्या आकड्याला जागत नाही. म्हणून नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या माणसाने विक्रेत्याला आणखी एक गोष्ट विचारायला हवी: 46-48 अंशांना हे यंत्र किती वॉट गारवा देतं? चांगल्या कंपन्यांच्या तांत्रिक पत्रकात ते दिलेलं असतं. पण दोन यंत्रांची आपसात तुलना करायला लेबल तिथेही चालतं. उन्हात दोन्ही मागे पडतात, पण पुढे असलेलं सहसा पुढेच राहतं.

दादा: बरं, हिशेब मांड. मी कागद घेतो.

सुमन: दोन यंत्रं घे, क्षमता सारखी, साधारण 5,000 वॉट. एकाचा आकडा 3.8, दुसऱ्याचा 5. त्या 1,600 तासांत दोघांना समज 3,800 युनिट उष्णता बाहेर टाकायची आहे. भाग दे.

दादा: पहिल्याला हजार युनिट वीज. दुसऱ्याला 760. फरक 240. भागिले 1,600 तास... तासाला 0.15 युनिट. म्हणजे तासभर एसी चालला तर पाव युनिटही वाचत नाही!

सुमन: तासाला नाही वाचत. तास किती, ते बघ.

दादा: थांब, आधी हे सांग. तू स्टार का म्हणत नाहीस? 3.8 आणि 5 काय म्हणतेस?

सुमन: कारण स्टार सरकतात. 2018 च्या तक्त्यात 4.5 ला पाच स्टार मिळायचे. 1 जुलै 2022 पासून पाच स्टारला 5 लागायला लागले आणि तेच 4.5 वालं यंत्र चार स्टारवर आलं. जानेवारी 2026 पासून तक्ता पुन्हा कडक झालाय. आदल्या वर्षी पाच स्टार मिरवणारी कित्येक मॉडेलं आता चारवर आहेत. यंत्र तेच, आकडा तोच, स्टार कमी. म्हणून लेबलावर त्याचा कालावधी छापलेला असतो. जुना माल सवलतीत मिळाला तर घ्यावा, त्यात वाईट काही नाही. पण जुने पाच आणि नवे पाच एक समजू नयेत.

दादा: आणि खाली हे वर्षाचे युनिट छापलेत, ते बघून नाही का चालणार? ज्याचे कमी तो चांगला. सरळ आहे.

सुमन: तिथेच माणूस फसतो. दीड टन म्हणजे काटेकोरपणे 5,275 वॉट. बाजारात दीड टन म्हणून 4,700 चाही मिळतो आणि 5,200 चाही. वॉट लेबलावर असतात. लहान यंत्राचे वर्षाचे युनिट आपोआप कमी दिसतात, कारण ते कामच कमी करतं. तुलना करायची ती आयएसईईआरने, आणि बिलाचा अंदाज घ्यायचा तो युनिटवरून.

दादा: हे कुणी सांगितलं नव्हतं मला.

मलाही या सगळ्या भानगडीत हीच गोष्ट सर्वांत उपयोगाची वाटते. सारख्याच आकाराच्या खोलीत एखाद्याचा दीड टन मस्त गार करतो आणि शेजाऱ्याचा दीड टन घाम फोडतो, याचं एक कारण हेही असू शकतं.

दादा: आता माझे तास मोजू. एप्रिल-मे मी कूलरवर काढतो. वाळ्याच्या ताट्या, टाकीत पाणी, खिडकी उघडी. कोरड्या हवेत त्याच्यासारखं सुख नाही आणि वीजही दोनशे वॉटच्या आसपास. मृगाचा पाऊस पडला की मात्र कूलर चिकचिक करतो. तेव्हा एसी हवा. शिवाय मेमधल्या काही रात्री. सगळे मिळून 400 तास. गुणिले 0.15, म्हणजे 60 युनिट. माझं बिल 101 ते 300 युनिटच्या टप्प्यात असतं. वहन आकार, वीज शुल्क सगळं धरून युनिटला 12 रुपये धरू. वर्षाला 720 रुपये. आठ हजार फिटायला अकरा वर्षं! तोवर एसी राहील की मी?

सुमन: असं बोलू नये.

दादा: हिशेब बोलतोय. तुझं काय?

सुमन: ठाण्यात कूलरचा उपयोग शून्य. हवेतच इतकं पाणी असतं की कूलर खोलीचा हमाम करतो. मार्च ते जून आणि ऑक्टोबर, पाच महिने, रात्रीचे आठ तास. 1,200 तास होतात. 180 युनिट वाचतील. माझं सरासरी बिल बघता युनिटला साधारण दहा रुपये पडतात, म्हणजे 1,800.

दादा: चुकलीस. सरासरी कशाला काढतेस? एसी नसताना तुझं घर किती खातं?

सुमन: उन्हाळ्यात 260 युनिट.

दादा: मग 3.8 वाला लावलास तर रात्री आठ तासांनी महिन्याला दीडशे युनिट चढले. झाले 410. तीनशेच्या वर गेलीस, टप्पा बदलला. वाचणारे युनिट हे वरचे असतात गं, खालचे स्वस्तातले नव्हेत. तुझी बचत 301 ते 500 च्या दराने मोज. तिथे युनिटला 16 रुपये धर. 180 गुणिले 16, म्हणजे 2,880. तुझे आठ हजार पावणेतीन वर्षांत फिटतात.

सुमन: म्हणजे तू माझ्याच बाजूने बोलतोयस!

दादा: मी कागदाच्या बाजूने बोलतोय.

इथे मला दादांना दाद द्यावीशी वाटते. आपल्याकडे घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिले 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 बरेच महाग, 301 ते 500 आणखी महाग, 500 च्या पुढे त्याहून. पंखा, दिवे, फ्रिज, टीव्ही हे बाराही महिने असतात. एसी त्यांच्या डोक्यावर येऊन बसतो. म्हणून एसीचा प्रत्येक युनिट घरातला सर्वांत महाग युनिट असतो. जाहिरातीत बचतीचा आकडा देताना एकच सरसकट दर धरतात आणि लोकही एकूण बिलाला एकूण युनिटने भागून मोकळे होतात. दोन्हीकडे खरी बचत लपते. ज्यांचं बिल एसीमुळे तीनशेच्या वर जातं, त्यांनी स्वस्तातला एसी घेतला तर तो त्यांना महागच पडणार.

दादा: पण तुझ्या पाच स्टारचा रिमोट कुणाच्या हातात असतो?

सुमन: मुलाच्या. 20 वर लावून पांघरूण घेऊन झोपतो.

दादा: तर मग गेले आठ हजार पाण्यात. एक अंश खाली आणलं की सहा टक्के वीज जास्त, असं तुझा तो ब्युरोच सांगतो ना? 24 चे 20 केले, चार अंश झाले. चोवीस टक्के. तू 3.8 वरून 5 वर जाऊन जे कमावलंस, ते पोराने पांघरुणात घातलं.

सुमन: म्हणून तर 2020 पासून स्टार लेबलवाले एसी चालू केले की आपोआप 24 वर उघडतात. मी 26 वर ठेवते आणि पंखा मंद सोडते. नवे बीएलडीसी पंखे तिसेक वॉटमध्ये चालतात. मुलाचं बघते मी.

दादा: आणि बाहेरचा डबा कुठे बसवणार?

सुमन: ड्राय बाल्कनीत. बिल्डरने जागाच तेवढी सोडलीय.

दादा: ती मागच्या दिवाळीला पाहिली मी. वॉशिंग मशीन, वाळत घातलेले कपडे, तीन बाजूंनी भिंत, समोर कबुतरांची जाळी आणि वरून सरकती काच. त्या कोंडवाड्यात डबा गरम हवा सोडणार आणि तीच परत आत ओढणार. त्याच्यापुरतं तिथे आमचं नागपूर झालं की!

सुमनकडे याला उत्तर नव्हतं, आणि ठाण्या-पुण्याच्या बहुतेक घरांत ते नाही. बाहेरच्या युनिटच्या तोंडाशी हवा खेळती नसेल तर कॉइलभोवतीचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी चढतं. आयएसईईआर ज्या प्रयोगशाळेत मोजतात, तिथे समोर कबुतरजाळी नसते. त्यात भर म्हणजे जास्त कार्यक्षम यंत्राचा बाहेरचा डबा सहसा मोठा आणि जड असतो, कारण कार्यक्षमतेचा मोठा भाग मोठ्या कॉइलमधूनच येतो. त्यामुळे अडचणीच्या जागेत नेमका चांगलाच एसी कोंबला जातो. काच काढून टाका, जाळी डब्याच्या तोंडासमोरून बाजूला घ्या, नाहीतर सोसायटीची परवानगी काढून बाहेरच्या भिंतीला मजबूत ब्रॅकेट ठोकून घ्या. हे केल्याशिवाय जास्त स्टारवर पैसे घालणं मला पटत नाही.

सुमन: काच काढते. पण तू आता इन्व्हर्टरचंही ऐक. कॉम्प्रेसर साधा असला की पूर्ण जोराने चालतो, बंद पडतो, पुन्हा चालतो. इन्व्हर्टरवाला खोली गार झाली की वेग उतरवतो आणि हळूहळू चालत राहतो. आयएसईईआर वाढतो तो बराचसा या संथ चालण्यामुळे.

दादा: आणि खोली गार झालीच नाही तर?

सुमन: तर वेग उतरतच नाही. तासाभरासाठी लावून बंद केला, किंवा खोलीच्या मानाने लहान घेतला, तर तो पूर्ण दमातच पळणार आणि छापील आकडा हाती येणार नाही. उलट गरजेपेक्षा फार मोठा घेतला तर दमट हवेत वेगळंच होतं. खोली पटकन गार होते, पण हवेतलं पाणी नीट निघत नाही. अंगाला गार आणि चिकट लागतं. ते लेबलावर कुठेच लिहिलेलं नसतं. मग ड्राय मोड लावायचा.

दादा: माझी वरच्या मजल्याची खोली आहे. स्लॅब रात्री अकरापर्यंत भट्टीसारखा असतो. दोन टनाचा घे म्हणतोय दुकानदार.

सुमन: आधी गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग मार. नाहीतर चायना मोझॅक बसवून घे. मग टन ठरव. स्लॅब आत ओततोय ती उष्णता बाहेर टाकायला जन्मभर वीज विकत घ्यायची, त्यापेक्षा ती वरूनच परत पाठव.

दादा: हे मान्य. पण एसी तीन स्टारच घेणार.

सुमन: तुझे तास 400 च राहतील कशावरून? गेल्या वर्षी कूलर किती रात्री पुरला? वहिनींचा रक्तदाब आहे. तुम्ही दोघं सत्तरीला आलात. पुढची दहा वर्षं हा एसी घरात असणार, आणि वय वाढतं तसे तास वाढतात.

दादा: जे होईल त्याचा खर्च आज नोंदवत नाहीत.

सुमन: तरतूद करतात ना पण?

दादा: (थोडा वेळ थांबून) माझं सोड. तुला मात्र पाच स्टारच घ्यायला हवा, आणि तुझ्या बिलासाठी नव्हे. आमच्या गच्चीवरून कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. पलीकडे खापरखेडा. कोळसा तिथे जळतो, राखेचे तलाव तिथे भरतात, आणि वीज ठाण्या-मुंबईच्या बेडरूमपर्यंत जाते. देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो म्हणतात. वर्षाला तुझे 180 युनिट वाचले तर सव्वाशे किलो. पण मला त्या किलोंपेक्षा राख जवळची आहे. धुळीचा थर मी रोज पुसतो.

सुमन: हे तू कधी बोलला नाहीस.

दादा: एसीच्या दुकानात कोण बोलतं हे?

दोघांचं एकमत झालं नाही. सुमन 5 च्या वरचा आकडा असलेलाच एसी घेईल, दादा 3.8 च्या आसपासचा. दादांचा भागाकार बरोबर आहे, पण त्यांचा 400 तासांचा अंदाज मला पटत नाही. ज्या घरात दोन माणसं सत्तरीला टेकली आहेत, तिथे एसी पुढच्या दहा वर्षांत दर उन्हाळ्यात थोडा थोडा जास्त चालणार. त्यांनी निदान मधला आकडा धरावा आणि उरलेल्या पैशात गच्चीला रंग मारून घ्यावा. ज्यांना वर्षातून महिनाभर, रात्रीचे तीन-चार तासच एसी लागतो, अशा पुण्या-नाशिकच्या घरांनी पाच स्टारसाठी ओढाताण करू नये. तीन स्टार घेऊन फिल्टर दर पंधरवड्याला धुवावा. मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि गोव्याच्या किनारी पट्ट्यात, जिथे पाच-सहा महिने रात्रभर यंत्र चालतं, तिथे सर्वांत वरचा आयएसईईआर घ्यावा. हप्ता थोडा जास्त बसला तरी चालेल.

दुकानात जाण्याआधी गेल्या मे महिन्याचं वीजबिल शोधून खिशात ठेवा. तुम्ही कोणत्या टप्प्यात आहात ते त्यावर छापलेलं असतं. विक्रेत्यासमोर ते उघडा, लेबलावरचा आयएसईईआर आणि वॉट त्याच्या शेजारी लिहा, आणि गुणाकार तिथेच, त्याच्या काउंटरवर करा.